विग्नॉलांच्या घरची शेवटची चार मिनिटं

इंग्लंडमधल्या फ्लीटवुड या बंदराच्या गावी मेथडिस्ट चर्चमागच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी दोनला कंदीलवाल्यांची बैठक भरते. चहाचं पाणी दीडलाच उकळत ठेवायचं काम अडतीस वर्षं ग्लेनिस विग्नॉलकडे होतं. शाळेच्या स्वयंपाकघरात तिची हयात गेलेली, त्यामुळे साठ माणसांचा चहा ती डोळे मिटून करी. लग्न केलं नाही. आईवडील गेले, भाऊ त्यांच्याही आधी गेला. आता तिची म्हणावीत अशी माणसं जगात उरली होती ती हीच, छातीवर पितळी कंदिलाचा बिल्ला लावून येणारी पोस्टमन, शिक्षक, ट्राम चालवणारी, निवृत्त झालेली माणसं.

कंदीलवाले म्हणजे ‘लाँग लँटर्न’चे भक्त. ही मालिका टीव्हीवर लागायची ती साठच्या दशकात, काळ्यापांढऱ्या रंगात. अवकाशाच्या पार टोकाला एक दीपगृह, त्यात एकच राखणदार, आणि अंधारात चुकलेली जहाजं. दीपगृहाच्या भिंती प्लायवूडच्या होत्या आणि दार लावलं की हलायच्या. पण ज्यांनी ती लहानपणी पाहिली त्यांना त्या हलताना दिसल्या नाहीत, आणि पुढे दिसल्या तरी त्यांनी ते कबूल केलं नाही. दूरचित्रवाणीवाल्यांनी नंतर टेपा पुसून त्यांवर फुटबॉलचे सामने भरले. शेवटच्या वर्षाचं एक चित्रसुद्धा उरलं नाही. उरला तो फक्त आवाज, आणि तोही एकाच घरातला.

ते घर विग्नॉलांचं. ग्लेनिसचा भाऊ डेरिक टीव्हीसमोर खुर्ची ठेवायचा, खुर्चीवर उशी, उशीवर मायक्रोफोन, आणि अर्धा तास घरात कोणी चकार शब्द काढायचा नाही. आईच्या विणकामाच्या सुयासुद्धा काढून घेतलेल्या असत. वडील मासेमारीच्या जहाजावर होते. तीन आठवडे समुद्रावर, तीन दिवस घरी. तिसऱ्या भागाच्या वेळी ते नेमके घरी होते आणि ऐन रंगात खोकले. तो खोकला टेपवर आहे. देशभरच्या कंदीलवाल्यांना तो पाठ आहे. मेळाव्यात तिसरा भाग वाजवतात तेव्हा त्या जागी तीनशे माणसं एकदम खोकतात आणि मग पुन्हा चिडीचूप होतात. नवख्या माणसाला वाटतं, हॉलमध्ये साथ पसरली की काय!

पण मान मोठा तो शेवटच्या भागाच्या शेवटच्या चार मिनिटांना. ती नोव्हेंबरच्या मेळाव्यात, पडदे ओढून, उभं राहून ऐकतात. राखणदाराला हुकूम येतो, दिवा विझव आणि परत ये. त्याचा हात खटक्यावर जातो. दिव्याची ती गूढ गुणगुण सुरू होते, आणि राखणदार म्हणतो, “राहू दे दिवा. अजून कोणीतरी बाहेर आहे.”

हे वाक्य बिल्ल्यांवर आहे, कपांवर आहे, एका ट्रामवाल्याच्या दंडावर गोंदलेलं आहे. मंडळाचे अध्यक्ष नॉर्मन थ्रेलफॉल यांची बायको डोरीन सहा वर्षांपूर्वी गेली, तिच्या थडग्याच्या दगडावरही तेच कोरलं आहे. दगड बसवला त्या दिवशी ग्लेनिस नॉर्मनच्या शेजारी उभी होती, आणि तिला दगडाकडे बघवत नव्हतं. लोकांना वाटलं, दुःखाने.

खरी गोष्ट अशी की ती चार मिनिटं विग्नॉलांच्या मोरीत झाली होती. त्यात राखणदार नव्हता. डोक्यावर फरशी पुसायची बादली घातलेला सतरा वर्षांचा डेरिक होता. आणि ती गूढ गुणगुण म्हणजे कंगव्यावर पावाचा कागद धरून फुंकणारी बारा वर्षांची ग्लेनिस होती.

त्या दिवशी राखणदाराचा हात खटक्यावर गेला आणि घरातली वीजच गेली. नाणं टाकून चालणाऱ्या विजेच्या मीटरमधलं शिलिंग संपलं होतं, आणि आईच्या पाकिटात दुसरं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेत पोरं म्हणाली, त्याने दिवा विझवला आणि गेला निघून. वडील तेव्हा आइसलंडच्या बाजूला होते, जहाजाची खबर यायला उशीर झाला होता. ग्लेनिसने जेवण सोडलं. रात्री दचकून उठायची. तेव्हा शनिवारी डेरिकने टेपचं यंत्र मोरीत नेलं आणि म्हणाला, “शाळेतली पोरं गाढव आहेत. चल, खरं काय झालं ते आपण भरू.” दोन आठवड्यांनी वडील सुखरूप आले. पुढे डेरिकच जहाजावर गेला आणि एका फेब्रुवारीत ते जहाज परत आलं नाही. त्याचा दुसरा आवाज कुठेही नाही.

एक्क्याऐंशी साली नॉर्मन एका मासिकात ग्लेनिसने दिलेली छोटी जाहिरात वाचून टेप ऐकायला आला, तेव्हा ती त्याला सांगणारच होती की शेवटचं तेवढं आमचं आहे हं. पण ती तोंड उघडणार तोच नॉर्मन, हातात अर्धं बिस्किट, हमसून हमसून रडायला लागला. “अगदी असंच! मी चौदा वर्षांचा होतो, मी पाहिलंय, दिवा चालूच होता!” मग काय सांगणार? आज सांगू, उद्या सांगू करता करता अडतीस वर्षं गेली. आणि खरं सांगायचं तर, दर नोव्हेंबरात तीनशे माणसं तिच्या भावाच्या आवाजासाठी उभी राहत होती. हे तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं, पण उभी राहत होती. ते गमावायचं तिच्या जिवावर आलं होतं.

तर त्या सप्टेंबरच्या शनिवारी नॉर्मन हॉलमध्ये आला तोच वर्तमानपत्र फडकावत.

“मालिका परत येतेय!”

हॉलमध्ये एकच गिल्ला झाला. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी डोळे पुसले.

“थांबा, थांबा, नाचू नका,” नॉर्मन म्हणाला. त्याच्या टकलावर घाम आला होता. “पहिल्या भागाची गोष्ट ऐका. दीपगृह पन्नास वर्षं अंधारात पडलंय. का, तर जुन्या राखणदाराने दिवा विझवला होता! त्यांना म्हणे जुनी संहिता सापडलीय, तिच्या शेवटच्या पानावर तसं आहे.”

“संहितेत असेल तसं,” बेरिल कार्डवेल म्हणाली. ती बेरकी बाई, पाच नातवंडांची आजी. “नवं आहे तर नवं बघू की. मला तर पेपरातला हा नवा राखणदार आवडला. देखणा आहे मेला.”

“बेरिल, इथे तत्त्वाची गोष्ट चाललीय.”

“मग तत्त्वाला चहा पाजा आधी. आणि नॉर्मन, तो कंगवा खिशात घाल बाबा. विंचरायला आहे काय तिथे?”

नॉर्मनला तरुणपणापासून सवय होती. चिडला की वरच्या खिशातला कंगवा काढायचा आणि नुसता हातात फिरवायचा. त्याने तो परत ठेवला आणि टेबलावर थाप मारली. “संहितेतलं पान चित्रीकरणाच्या वेळी बदललं. यावर मी चौदा लेख लिहिलेत! आणि पुरावा आहे आपल्याकडे. विग्नॉल टेप!”

सगळ्यांच्या माना चहाच्या टेबलाकडे वळल्या. ग्लेनिसच्या हातातल्या किटलीचं तोंड कपाबाहेर गेलं आणि चहा बशीत सांडला.

दीड तास वादावादी चालली. जुने म्हणाले, दिवा विझलेला दाखवला तर आम्ही टीव्ही फोडू. तरुण म्हणाले, अहो, विझलाय म्हणूनच तर कोणीतरी येऊन लावेल ना! एकाने डोरीनच्या दगडाचं नाव काढलं आणि सगळ्यांनी नॉर्मनकडे पाहिलं. शेवटी ठराव झाला, की मूळ टेप शास्त्रशुद्ध तपासून घ्यायची आणि अहवाल मालिकावाल्यांच्या तोंडावर मारायचा. इमोजेन नावाची एक मुलगी वर्षभरापासून येत होती. मँचेस्टरला ध्वनिमुद्रणाचं काम करायची, सव्वीसेक वर्षांची. तिने हात वर केला. “मी करते. आता यंत्रं अशी आहेत की खोलीत माशी उडाली तरी सांगतात.”

ठरावाच्या बाजूने एकूण एक हात वर गेले. ग्लेनिसने आपला हात वर गेलेला पाहिला. तो तिने केव्हा केला ते तिला कळलंच नाही.

मंगळवारी अकराला इमोजेन येणार होती. सोमवारी ग्लेनिसने कपाटातून बिस्किटांचा जुना डबा काढला, टेप पाहिली आणि डबा परत ठेवला, असं चार वेळा केलं. नॉर्मनचं तोंड डोळ्यांपुढून हलेना. तो तिला शिव्या देईल याची भीती तिला नव्हती. तो काही बोलणारच नाही, याची होती. डोरीनच्या दगडाचं तो काय करेल? एका बादलीवाल्या पोराचं वाक्य त्याने बायकोच्या उशाशी कोरून घेतलं होतं, आणि आपण शेजारी उभं राहून ते कोरू दिलं!

मंगळवारी सकाळी तिने स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये पाणी भरलं, वर कपडे धुवायची पावडर टाकली. छत गळलं, डब्यात पाणी गेलं असं सांगायचं. कोण विचारतंय? टेपचं रीळ हातात घेऊन ती पाण्यावर वाकली. रिळावर डेरिकच्या तिरप्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘हात लावू नका, विशेषतः ग्लेन’. ओल्या बोटांतून रीळ निसटेल असं वाटलं. ते पडू नये म्हणून तिने छातीशी घट्ट धरलं आणि तशीच उभी राहिली. दाराची घंटा वाजली.

इमोजेनने स्वयंपाकघरातच पसारा मांडला. टेप वाजवायचं यंत्र, संगणक, कानाला लावायचे दोन मोठे फोन. वडिलांचा खोकला आला तेव्हा ती सवयीने खोकली आणि हसली. ग्लेनिसला हसता आलं नाही. ती ओट्याला पाठ लावून उभी होती आणि घड्याळाकडे बघत होती. शेवटची चार मिनिटं सुरू झाली. इमोजेनने ती एकदा ऐकली, दुसऱ्यांदा ऐकली, मग फोन कानावरून काढले.

“मिस विग्नॉल, इथे खोली बदलते.”

“म्हणजे?”

“आधी गालिचा आहे, पडदे आहेत, शेकोटी पेटलीय. मग खट्‌ होतं, आणि पुढे सगळीकडे गुळगुळीत लाद्या.” तिने ग्लेनिसकडे पाहिलं. “आणि हा राखणदार फार तर अठराचा असेल.”

ग्लेनिस मटकन खुर्चीवर बसली. “सतरा,” ती म्हणाली. मग बांध फुटला. मीटर, शिलिंग, आइसलंड, बादली, कंगवा, नॉर्मनचं बिस्किट, सगळं बाहेर आलं. इमोजेनने बेसिनमधल्या फेसाळ पाण्याकडे एकदा पाहिलं आणि ती काय ते समजली.

“हे बघा,” ती शेवटी म्हणाली, “टेप फार झिजलीय, काही सांगता येत नाही, असं मी लिहून देऊ शकते. खोटंही नाही ते फारसं. वाद आपोआप विरून जाईल.”

ग्लेनिसचा जीव भांड्यात पडला. इतका पडला की तिने उठून बेसिनचं बूच काढलं आणि चहा ठेवला. इमोजेन सामान आवरता आवरता म्हणाली, “शेवटी बटण दाबायच्या आधी मागे काहीतरी पुटपुटल्यासारखं आहे. साफ करून बघू? ऐकायचंय?”

तिने दोनतीन मिनिटं खटाटोप केला आणि फोन ग्लेनिसच्या कानाला लावले. कंगव्याची गुणगुण पाण्याखालून यावी तशी दूर गेली. आणि मग बादलीशिवायचा, जवळून, दमलेला, हसू दाबलेला आवाज आला.

“बास गं ग्लेन. झालं.”

खट्‌.

“पुन्हा लाव बाळ,” ती म्हणाली. इमोजेनने सात वेळा लावलं. चहा उकळून उकळून काळा झाला.

“ते लिहून देऊ नकोस,” ग्लेनिस म्हणाली. “लोकं अडतीस वर्षं त्या नटासाठी उभी राहतात. हा आमचा डेरिक आहे. त्यांना कळायला हवं, कोणासाठी उभे राहतात ते.”

पुढच्या शनिवारी खास बैठक होती. नॉर्मनने अहवालाला पाकीटसुद्धा आणून ठेवलं होतं. ग्लेनिस उभी राहिली, खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि पाच मिनिटांत सगळं सांगून टाकलं. इमोजेनने तो शेवटचा आवाज ऐकवला.

“म्हणजे इतकी वर्षं आम्ही बादलीपुढे उभे राहत होतो होय!” बेरिल म्हणाली. कोणी हसलं नाही, ती स्वतःही नाही.

“मी पाहिलंय,” नॉर्मन म्हणाला. “मी चौदा वर्षांचा होतो. दिवा चालू होता. मी पाहिलंय ना...” मग तो थांबला. त्याचा चेहरा बघवत नव्हता. आपण काय पाहिलं ते तो आठवायला लागला होता, आणि ते त्याला सापडत नव्हतं. “डोरीनच्या दगडावर...” एवढंच म्हणाला, छातीवरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि कोट न घेताच बाहेर गेला.

ग्लेनिसने कपबशा धुतल्या, पुसल्या, कपाटाची किल्ली बेरिलच्या हातात दिली. ऑक्टोबरच्या बैठकीला ती गेली नाही. फोन वाजला नाही. दुकानात जायचं तर नॉर्मनची गल्ली टाळून ट्रामच्या रुळांकडून लांबचा वळसा घ्यायची. एक भीती मात्र तिला स्वस्थ बसू देईना. एका दुपारी ती दफनभूमीत गेली. दगड उपटलेला असणार, निदान अक्षरं तरी खरवडलेली असणार, अशी तिची खात्रीच होती. दगड जागेवर होता. समोर बाकावर नॉर्मन बसला होता, हातात कंगवा. तिची पुढे जायची छाती झाली नाही. आल्या वाटेने ती परत फिरली, आणि घरी येऊन दाराला आतून कडी घातली.

नोव्हेंबरच्या मेळाव्याला इमोजेन तिला जवळजवळ ओढतच घेऊन गेली. “तुम्ही नुसतं मागे बसा. उठवलं कोणी, तर मीही उठते.” ग्लेनिस शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसली, कोट अंगावर ठेवून. लोक वळून पाहत होते. कोणी मान हलवली, कोणी तोंड फिरवलं. कार्यक्रमपत्रिकेत शेवटची चार मिनिटं नव्हती. तिने कागद वरून खाली दोनदा वाचला आणि घडी करून हातात धरला. पहिल्या रांगेत नॉर्मनचं टक्कल दिसत होतं. तो आला होता, पण छातीवर बिल्ला नव्हता.

तिसऱ्या भागात सगळे खोकले. वडिलांचा खोकला तरी खरा होता, तेवढाच तिला आधार वाटला. मग पडदे ओढले आणि शेवटचा भाग लागला. तीनशे माणसं उभी राहिली. दिवा विझव, असा हुकूम आला. राखणदाराचा हात खटक्यावर गेला, आणि खट्‌. शिलिंग संपलं. इमोजेनने टेप तिथेच थांबवली, ठरल्याप्रमाणे.

अंधारात तीनशे माणसं तशीच उभी. आता काय करायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. ग्लेनिसने दाराची मूठ चाचपली. आता दिवे लागतील, सगळे वळतील, आणि हे आपल्यामुळे झालं हे प्रत्येकाच्या डोळ्यांत दिसेल. त्याआधी निघायला हवं.

पुढून एक घसा खाकरला.

“राहू दे दिवा,” नॉर्मन म्हणाला. त्याला अभिनय मुळीच येत नव्हता. शाळेत हजेरी द्यावी तसं म्हणाला. “अजून कोणीतरी बाहेर आहे.”

मग पावलं वाजली, मधल्या वाटेने, सावकाश, दारापर्यंत. अंधारात तिच्या हातावर काहीतरी ठेवलं गेलं. कंगवा होता.

“अगं, गुणगुण कोण करणार मग?” तो पुटपुटला. “मी? वाट कसली बघतेस?”

तिने कार्यक्रमपत्रिका कंगव्याभोवती गुंडाळली. पहिल्यांदा नुसतीच हवा गेली. दुसऱ्यांदा सूर लागला, पातळ, फाटका, पण तोच. ती वाजवत राहिली. चार मिनिटं झाली असतील, पाच झाली असतील. कुठे थांबायचं ते तिला माहीत नव्हतं, कारण ते सांगायचा डेरिक.